थंडीतली हंगामी फुलझाडं: वाफा आणि कुंडीसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवा बदलू लागली की हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बी कधी पेरू, रोपं मरतात का, पानं जांभळी का पडली, खत कोणतं घालू. उत्तरं वेगवेगळी असली तरी बहुतेक प्रश्नांची मुळं एकाच ठिकाणी पोचतात: रात्रीचं तापमान. म्हणून पुढे जागोजागी तापमानाचे आकडे दिले आहेत. ते अंश सेल्सिअसमध्ये आहेत.

थंडीतली हंगामी फुलझाडं म्हणजे नेमकी कोणती?

बी रुजण्यापासून पुन्हा बी धरेपर्यंतचा सगळा प्रवास एकाच हंगामात उरकणारी आणि त्यातला मोठा काळ थंड हवेत काढणारी झाडं. पॅन्सी, व्हायोला, स्नॅपड्रॅगन, डायंथस, कॅलेंडुला, अ‍ॅलिसम, स्टॉक, स्वीट पी, लार्कस्पर, कॉर्नफ्लॉवर, पॉपीचे प्रकार, नॅस्टर्शियम, लोबेलिया, सिनेरारिया, नेमेशिया. शोभेचा कोबीही यातलाच, फक्त त्याचा रंग फुलात नसून पानात असतो. पिटुनिया आणि फ्लॉक्स काठावर आहेत. गारवा त्यांना मानवतो, कडाक्याची थंडी मात्र सोसत नाही.

स्नॅपड्रॅगन आणि पॅन्सी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाहून जास्त वर्षं जगू शकतात. पण कडक उन्हाळ्यातून निघालेलं झाड पुढच्या वर्षी दम धरत नाही, म्हणून त्यांना हंगामीच समजून दरवर्षी नवीन लावतात.

त्यांना थंडीच का लागते? भरपूर पाणी दिलं तर उन्हाळ्यात येणार नाहीत का?

दिवसा पानं उन्हात साखर तयार करतात. रात्री झाड श्वसनासाठी त्यातली काही खर्च करतं, आणि रात्र जितकी उबदार तितका हा खर्च जास्त. गार रात्री साखर शिल्लक राहते. तीच मुळांत, जाड देठात आणि मोठ्या फुलात जाते. निळ्या-जांभळ्या आणि लाल छटा देणारं रंगद्रव्यही गारव्यात जास्त साठतं, म्हणून एकाच पॅन्सीचं ऐन थंडीतलं फूल गडद आणि रुंद दिसतं, तर हंगामाच्या शेवटी आलेलं फिकट आणि लहान.

काही झाडांची गोष्ट याहून पुढची आहे. लार्कस्परचं बी गरम मातीत रुजतच नाही. स्टॉकच्या बऱ्याच जातींना काही आठवडे गारवा मिळाल्याशिवाय कळीच धरत नाही. तोवर झाड पानंच पानं काढत बसतं. ही उणीव पाण्याने भरून निघत नाही. उलट गरम हवा आणि ओली माती एकत्र आली की मुळं कुजतात.

पेरणी कोणत्या महिन्यात करू?

महिना सांगून उपयोग नाही. एकाच महिन्यात समुद्रकाठी, पठारावर आणि डोंगरात तीन वेगळ्या हवा असतात. किमान तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर बागेत, सावलीत टांगा आणि रोज सकाळी बघा. रात्रीचा पारा सलग आठवडाभर १८ च्या खाली आणि दिवसाचा २७ च्या आत राहू लागला की रोपं बाहेर लावायची वेळ झाली.

तिथून उलटा हिशेब करा. ट्रेमध्ये पेरलेलं बी लागवडीजोगं व्हायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. बी ते पहिलं फूल हे अंतर पॅन्सी आणि स्वीट पीला १२ ते १४ आठवडे, स्नॅपड्रॅगन आणि लार्कस्परला १२ ते १६, कॅलेंडुलाला ८ ते १०, अ‍ॅलिसमला ६ ते ८. म्हणजे पॅन्सीची पेरणी हवा अजून गरम असतानाच, सावलीत आणि गार कोपऱ्यात करावी लागते. थंडी पडल्यावर पॅन्सीचं बी आणायला निघणाऱ्याच्या पदरात फुलं यायला लागतात तोवर उन्हाळा दारात उभा असतो.

जिथे हिवाळ्यात जमीनच गोठते, तिथे दोन वाटा आहेत. एक, जमीन गोठण्याच्या ४ ते ६ आठवडे आधी रोपं लावून त्यांना मुळं धरू देणं. दुसरी, हिवाळ्याच्या शेवटी घरात पेरून माती हाताळता येईल इतकी मोकळी झाली की लावणं. जिथे हिवाळा सौम्य असतो तिथे हिवाळाच बहराचा काळ.

बी पेरावं की तयार रोपं आणावीत?

पॅन्सी, लोबेलिया, पिटुनिया यांचं बी बारीक आणि नाजूक असतं, पहिल्या वर्षी तयार रोपं घेतलेली बरी. कॅलेंडुला, नॅस्टर्शियम, स्वीट पी, कॉर्नफ्लॉवर मात्र बियांपासूनच करा. ती सोपी आहेत आणि बहुधा विकतच्या रोपापेक्षा चांगली होतात.

रोपं निवडताना फुलांनी लगडलेलं रोप बाजूला ठेवा. बुटकं, गडद पानांचं, एखाददुसरी कळी असलेलं रोप उचला. हळूच ट्रेच्या खणातून काढून मुळं बघू द्या म्हणावं. पांढरी, टवटवीत मुळं हवीत. तपकिरी आणि गोल गोल गुंडाळलेली असतील तर ते रोप त्या खणात फार दिवस राहिलं आहे.

माझं बी रुजतच नाही. काय चुकतं?

बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट असते: माती जास्त गरम, बी चुकीच्या खोलीवर, किंवा बी जुनं.

आधी उजेडाचं बघू. स्नॅपड्रॅगन, अ‍ॅलिसम, पिटुनिया, लोबेलिया यांच्या बियांना रुजायला उजेड लागतो. ओल्या मिश्रणावर बी नुसतं भुरभुरवायचं, बोटाने हलकं दाबायचं, वर माती घालायची नाही. स्नॅपड्रॅगनचं बी इतकं बारीक असतं की एका ग्रॅममध्ये हजारो मावतात. चमचाभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून पेरलं की एका जागी गठ्ठा होत नाही. पाणी वरून ओतू नका. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवा, मिश्रण खालून ओल शोषून घेईल. वरचा थर गडद दिसू लागला की ट्रे बाहेर काढा.

याउलट पॅन्सी, कॅलेंडुला, लार्कस्पर, स्वीट पी, नॅस्टर्शियम यांना अंधार मानवतो. पॅन्सीच्या बियांवर ३ ते ४ मिलिमीटर बारीक कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा व्हर्मिक्युलाईट (ओल धरणारं हलकं खनिज) पसरा, कॅलेंडुला एक सेंटिमीटर खोल, स्वीट पी आणि नॅस्टर्शियम दोन सेंटिमीटर.

पॅन्सीला रुजताना १८ ते २० अंश हवेत. २५ च्या वर गेलं की रुजवण झपाट्याने घटते. घरातली सगळ्यात गार फरशी, ओलं गोणपाट, मातीचा पसरट ट्रे, जे हाताशी असेल ते वापरा, पण पहिले दहा-बारा दिवस पारा खाली ठेवा. लार्कस्पर तर त्याहून हट्टी. त्याचं बी किंचित ओल्या वाळूत मिसळून, पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन आठवडे ठेवा आणि मग पेरा. लार्कस्परचं बी वर्षभरातच जोम गमावतं, तेव्हा ताजंच घ्या.

रोपं उगवतात आणि दोन-चार दिवसांत बुडातून आडवी होतात. का?

ही मर. जमिनीलगत देठ पाणीदार होऊन दोऱ्यासारखा बारीक होतो आणि रोप कोलमडतं. पिथियम, रायझोक्टोनिया अशा मातीतल्या बुरशींचं हे काम आहे. एकदा आडवं झालेलं रोप वाचत नाही.

उपाय सगळे आधीचे आहेत. ट्रे धुऊन वाळवलेला असावा. पेरणीच्या मिश्रणात बागेतली माती किंवा कच्चं शेणखत नको. बी विरळ पेरा. ट्रेवर झाकण घातलं असेल तर कोंब दिसताच ते काढा आणि वारा खेळू द्या. पुढचं पाणी वरचा थर सुकल्यावर, सकाळीच. एका कोपऱ्यात मर दिसली तर तेवढी रोपं मिश्रणासकट चमच्याने उचलून टाका आणि उरलेल्यांचं पाणी एक-दोन दिवस थांबवा.

कोणतं बी थेट वाफ्यात टाकावं?

ज्यांचं मुख्य मूळ सरळ खोल जातं आणि हलवलेलं सोसत नाही ती: सगळ्या पॉपी, लार्कस्पर, कॉर्नफ्लॉवर, नॅस्टर्शियम. पॉपीचं बी वाळूत मिसळून दाताळ्याने मोकळ्या केलेल्या मातीवर टाका आणि फळीने दाबा. उगवल्यावर विरळणी टाळू नका, जिवावर आलं तरी. दाट पॉपीची रोपं एकमेकांना उंच ओढतात आणि जोराच्या वाऱ्यात सगळी झोपतात. दोन रोपांत २० ते २५ सेंटिमीटर अंतर उरेपर्यंत उपटा. त्याहून चांगलं म्हणजे जादा रोपं कात्रीने बुडाशी कापा, शेजारच्या रोपाची मुळं हलत नाहीत.

वाफ्याची माती कशी तयार करू?

आधी निचरा तपासा. ३० सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाला दोन ते पाच सेंटिमीटर उतरलं तर माती चांगली. त्याहून सावकाश उतरत असेल तर वाफा जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर उंच करा. थंडीत माती उशिरा सुकते, त्यामुळे उन्हाळ्यात चालून गेलेला वाईट निचरा आता मुळांवर येतो.

पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा शेणखत ५ ते ८ सेंटिमीटर जाडीने पसरा आणि वरच्या २० सेंटिमीटर मातीत मिसळा. पॅन्सी, पिटुनिया, स्नॅपड्रॅगन यांना मातीचा पीएच (आम्लतेचं माप) ५.५ ते ६.२ आवडतो. स्टॉक, स्वीट पी, कॅलेंडुला ७ पर्यंत सहज चालवून घेतात. चुनखडीच्या जमिनीत पॅन्सीची कोवळी पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहतात, ती लोहाची कमतरता. तिथे पॅन्सीसाठी कुंडीच बरी.

कुंडी किती मोठी आणि मिश्रण कोणतं?

पॅन्सी, अ‍ॅलिसम, लोबेलिया यांना २० सेंटिमीटर खोली पुरते. स्नॅपड्रॅगन आणि स्टॉकला २५, स्वीट पीला ३० किंवा जास्त. फार मोठ्या कुंडीत एकच इवलंसं रोप लावू नका. भोवतालचं मिश्रण ओलंच राहतं आणि मुळं आंबतात.

बागेतली माती कुंडीत भरली की दोन-तीन पाण्यांत दगड होते. दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, एक भाग पर्लाईट (हलके पांढरे खनिज दाणे) किंवा जाड वाळू, हे मिश्रण बहुतेक सगळ्यांना चालतं. कोकोपीट स्वस्तातलं असेल तर त्यात मीठ असू शकतं. ते भिजवून, पिळून, पाणी बदलून दोन-तीनदा धुवा.

कुंडीच्या तळाला खडे किंवा खापरांचे तुकडे घालायचे ना?

नका घालू. ही सवय इतकी रुळलेली आहे की उत्तर जरा सविस्तर देतो.

बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या जाड खड्यांत आपणहून उतरत नाही. वरचा थर पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत ते तिथेच अडकून राहतं. म्हणजे खडे घातले की पाण्याने भरलेला थर कुंडीच्या तळावरून उचलला जाऊन मुळांच्या आणखी जवळ येतो. खात्री करायची असेल तर भांडी घासायचा जाड स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. थेंब गळायचे थांबले की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. कुंडीतही मिश्रणाचा उभा थर जितका जास्त तितका निचरा चांगला, आणि खडे घालून आपण तीच उंची कमी करतो.

तळाच्या भोकावर जाळीचा एक तुकडा ठेवा, म्हणजे मिश्रण वाहून जाणार नाही. कुंडी विटेच्या तुकड्यांवर किंचित उचलून ठेवा. एवढं पुरे.

रोपं बाहेर लावताना काय काळजी घ्यायची?

आधी सरावू द्या. ७ ते १० दिवस, पहिल्या दिवशी तासभर सकाळचं ऊन, मग रोज थोडं जास्त, शेवटी रात्रभर बाहेर. या दिवसांत पाणी हात राखून द्या. पानं जाड आणि देठ टणक होतात.

लागवड ढगाळ दिवशी किंवा उन्हं कलल्यावर करा. रोप ट्रेत जितकं खोल होतं तितकंच खोल लावा. पॅन्सीचा बुंधा गाडला गेला की कुजतो. गुंडाळलेली मुळं बोटांनी मोकळी करा. अंतर वाफ्यात पॅन्सी आणि अ‍ॅलिसमला १५ ते २० सेंटिमीटर, कॅलेंडुला आणि उंच स्नॅपड्रॅगनला २५ ते ३०. कुंडीत जरा दाट चालतं, कारण खत-पाणी आपण हाताने देतो.

ऊन किती हवं?

बहुतेकांना किमान सहा तास. थंडीत सूर्य खालून जातो, त्यामुळे उन्हाळ्यात उजेडात असणारा कोपरा आता भिंतीच्या सावलीत जातो. लावायच्या आधी दिवसभरात दोन-तीनदा जागा बघून या. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडची बाल्कनी या फुलांसाठी सर्वांत चांगली. सिनेरारिया आणि प्रिम्युला अर्ध्या सावलीत खुलतात. पॅन्सीला चार तासांतही फुलं येतात, थोडी कमी.

पाणी रोज द्यायचं का?

नाही. बोट दोन ते तीन सेंटिमीटर खुपसा, कोरडं लागलं तर द्या. दिलं की तळातून वाहीपर्यंत द्या. वेळ सकाळची, पाणी बुडाशी. संध्याकाळी भिजलेली पानं रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला आयतं घर मिळतं. वाऱ्याच्या दिवसांत मातीच्या कुंड्या प्लास्टिकच्या कुंड्यांपेक्षा खूप लवकर सुकतात, त्या वेगळ्या तपासा.

थंडी वाढल्यावर पानं जांभळट का पडतात? खत देऊनही झाड हलत का नाही?

माती थंड झाली की मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही, तो मातीत असला तरी. खालची पानं मागच्या बाजूने जांभळट होतात. हवा जरा उबदार झाली की नवीन पानं आपोआप हिरवी येतात. घाईने स्फुरदाची खतं ओतू नका.

नत्राचं (नायट्रोजनचं) गणित जास्त महत्त्वाचं आहे. युरिया आणि अमोनियम रूपातला नत्र मातीतले जिवाणू नायट्रेटमध्ये बदलतात. माती १५ अंशांखाली गेली की त्यांचं काम मंदावतं. मग झाड उपाशी राहतं आणि अमोनियम साचून पॅन्सीसारख्या झाडांची मुळं दुखावतात. माळी अशा वेळी ‘खत लागत नाही’ म्हणून मात्रा दुप्पट करतो आणि झाड आणखी खचतं. थंडीत नायट्रेट रूपातलं खत घ्या. कॅल्शियम नायट्रेट एका लिटरला एक ग्रॅम, दोन आठवड्यांतून एकदा, आणि मधल्या आठवड्यात पालाश (पोटॅशियम) असलेलं विद्राव्य खत पाकिटावरच्या अर्ध्या मात्रेत. दोन्ही खतं तीव्र द्रावणात एकत्र कालवू नका, साका बसतो. आवरण असलेली, सावकाश सुटणारी दाणेदार खतं तापमानावर चालतात. गारठ्यात ती फारच हळू सुटतात, त्यांच्यावर एकट्यावर भिस्त नको.

नॅस्टर्शियमला खतच देऊ नका. सकस मातीत त्याला भलीमोठी पानं येतात आणि फुलं पानांखाली हरवतात.

शेंडा खुडायचा की नाही?

स्नॅपड्रॅगन, पिटुनिया, स्वीट पी, डायंथस: हो. स्नॅपड्रॅगन बोटभर उंच झालं की पानांच्या तिसऱ्या-चौथ्या जोडीवर शेंडा खुडा, एका दांड्याच्या जागी चार-पाच निघतात. बहर दोन आठवडे लांबतो, पण झाड भरतं. स्टॉकच्या एकदांडी जातींचा शेंडा कधीही खुडू नका, त्यांचा एकच तुरा असतो आणि तो तिथेच येतो. पॅन्सीला शेंडा खुडायची गरज नाही. पहिल्या दोन-तीन कळ्या काढल्या तर मात्र रोप लवकर पसरतं.

सुकलेली फुलं काढायचीच का?

काढायचीच. बी धरलं की झाडाचं काम संपतं आणि कळ्या कमी होतात. नुसत्या पाकळ्या ओढून उपयोग नाही, कारण बोंड मागे राहतं.

पॅन्सीचं बोंड जवळून बघा. पाकळ्या गळल्यावर ते हिरवं, गुळगुळीत असतं आणि मान खाली घालून लोंबतं. कोवळी कळीही मान खाली घालते, म्हणून गफलत होते. कळी टोकदार असते आणि टोकाशी रंगाची रेघ डोकावते. बोंड गोलसर आणि भरीव लागतं. पिकत आलं की तेच बोंड मान वर करतं, फिकट होतं, आणि एका दुपारी तीन होड्यांच्या आकारात उघडतं. त्या होड्यांच्या कडा सुकताना आवळत जातात आणि बिया दूर उडवतात. तोवर थांबू नका. फूल कोमेजताच देठ थेट बुडाशी चिमटा. अ‍ॅलिसमला एकेक फूल काढणं अशक्य, त्याला पहिला बहर ओसरल्यावर कात्रीने तिसरा हिस्सा छाटा.

दहिवर (गोठलेलं दव) पडलं, पानं काचेसारखी कडक झाली. झाड गेलं का?

बहुधा नाही. आधी हात लावू नका. सरावलेली पॅन्सी आणि व्हायोला शून्याखाली चार-पाच अंश सहज सोसतात. बर्फ आधी पेशींच्या बाहेरच्या जागेत होतो, पेशी पाणी सोडून आक्रसतात आणि पानं लोंबतात. ऊन वर आलं की ती पुन्हा उभी राहतात. गोठलेलं पान हाताने वाकवलं तर मात्र पेशी फुटतात. स्नॅपड्रॅगन, कॉर्नफ्लॉवर, लार्कस्पर हेही टिकतात. नॅस्टर्शियम पहिल्याच कडक दहिवरात जातं. पिटुनिया आणि सिनेरारिया झाकून ठेवा: संध्याकाळी हलकं सुती कापड, पानांना न टेकता, सकाळी काढायचं. आदल्या दुपारी माती ओली केलेली असली तर ती दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते.

मावा, भुरी, गोगलगायी. औषध कोणतं?

मावा कोवळ्या शेंड्यांवर बसतो, कॅलेंडुला आणि नॅस्टर्शियमवर हमखास. सुरुवातीला पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. न हटल्यास एका लिटर पाण्यात ५ मिलिलिटर सौम्य द्रवरूप साबण, पानांच्या खालच्या बाजूने, संध्याकाळी. भुरी म्हणजे पानांवर पिठासारखा थर. हवा खेळती ठेवा, रोगट पानं काढा, गरज पडली तर पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाची फवारणी करा, पण पारा ३० च्या वर असताना नको. स्नॅपड्रॅगनच्या पानांखाली तपकिरी पुटकुळ्या दिसल्या तर तो तांबेरा, ते झाड काढून टाका आणि पुढच्या वर्षी जागा बदला. गोगलगायी रात्री विजेरी घेऊन वेचा. मधमाश्या फुलांवर असताना कोणतीही फवारणी करू नका, साबणाचीसुद्धा.

स्टॉकच्या निम्म्या रोपांना एकेरी फुलं आली. बी भेसळीचं होतं का?

भेसळ नाही, ते तसंच असतं. स्टॉकचं दुहेरी (पाकळ्यांचे अनेक थर असलेलं) फूल बी धरत नाही. बी मिळतं एकेरी फुलांच्या झाडांपासून, आणि त्यातून साधारण निम्मी रोपं दुहेरी निघतात. काही निवडक जातींत रोपं उगवल्यावर ती १० अंशांखाली ठेवली तर बीजदलांच्या (बीतून निघणाऱ्या पहिल्या दोन पानांच्या) रंगात फरक पडतो: फिकट पोपटी ती दुहेरी, गडद हिरवी ती एकेरी. पाकिटावर तशी नोंद असेल तरच हा प्रयोग करा. आणि एकेरी उपटून टाकू नका, सुवास त्यांनाही तेवढाच असतो.

स्वीट पीबद्दल वेगळं काही?

मला सगळ्यांत प्रिय वेल, म्हणून थोडं जास्त. सिसिलीतल्या फ्रान्चेस्को कुपानी या साधूने १६९९ मध्ये याचं बी इंग्लंडमध्ये धाडलं आणि तिथून ते जगभर गेलं. त्या मूळ फुलाच्या जवळची, दुरंगी जांभळी जात आजही त्याच्या नावाने मिळते. फुलं लहान, पण वास आधुनिक मोठ्या फुलांच्या जातींपेक्षा तेज.

बी रात्रभर भिजवा. सकाळी न फुगलेल्या बिया वेगळ्या काढून त्यांच्या सालीवर, डोळ्याच्या विरुद्ध बाजूला, कानशीने एक ओरखडा काढा आणि परत भिजवा. चार जोड्या पानं आली की शेंडा खुडा. दोन मीटर उंच जाळी किंवा दोऱ्यांचा आधार लागवडीच्या दिवशीच लावा. उंदीर बिया उकरतात, तेव्हा वर जाळी ठेवा. फुलं लागली की एक दिवसाआड तोडा. चार शेंगा जरी पिकू दिल्या तरी वेल फुलं थांबवतो. बाहेरून येऊन कुणी मूठभर फुलं मागितली तर आनंदाने द्या, वेल आणखी देतो.

यातली कोणती फुलं खाता येतात आणि कोणती विषारी आहेत?

कीटकनाशक न मारलेली पॅन्सी, व्हायोला, नॅस्टर्शियम आणि कॅलेंडुलाच्या पाकळ्या खाता येतात. दुकानातून आणलेल्या रोपावर आधी काय फवारलं आहे ते कळत नाही, त्याची फुलं खाऊ नका. लार्कस्परचे सगळे भाग विषारी आहेत, बी आणि कोवळी पानं विशेष. स्वीट पीच्या शेंगा मटारच्या शेंगांसारख्या दिसतात पण त्या खायच्या नाहीत, हे मुलांना आवर्जून दाखवून सांगा. लोबेलियाही खाण्याची नाही.

घरचं बी पुढच्या वर्षी वापरता येईल का?

कॅलेंडुला, कॉर्नफ्लॉवर, पॉपी, लार्कस्पर, स्वीट पी यांचं जरूर ठेवा. पाकिटावर ‘एफ १’ लिहिलेल्या संकरित पॅन्सी, पिटुनिया, स्नॅपड्रॅगनचं ठेवू नका, पुढची पिढी रंगाने आणि उंचीने विखुरते. बोंडं झाडावरच वाळू द्या, कोरड्या दुपारी काढा, आठवडाभर सावलीत पसरा. कागदी पाकिटात नाव आणि वर्ष लिहून घट्ट झाकणाच्या डब्यात, गार आणि कोरड्या जागी.

उन्हं तापू लागली, आता काय करू?

कुंड्या दुपारच्या सावलीत हलवा, वाफ्यावर ३ ते ५ सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला. एवढ्याने बहर दोन-तीन आठवडे पुढे सरकतो. रात्रीचा पारा २० च्या खाली उतरेनासा झाला, पॅन्सीचे देठ लांबट आणि फुलं नाण्याएवढी झाली, की झाडं काढा. रोगट झाडं मुळासकट बाहेर टाका, कंपोस्टमध्ये नको. स्वीट पी मात्र जमिनीलगत कापा आणि मुळं आत राहू द्या, त्यांच्या गाठींतला नत्र पुढच्या पिकाला मिळतो. स्नॅपड्रॅगन हातभर उंचीवर छाटून सावलीत ठेवलं तर क्वचित पुढच्या थंडीपर्यंत तग धरतं, जागा असेल तर एक-दोन ठेवून बघा. कुंडीतलं मिश्रण मुळं वेचून उन्हात पसरा, तिसरा हिस्सा नवीन कंपोस्ट घाला आणि पुढच्या हंगामात त्यात आधी होती तीच जात लावू नका.